तुमच्या पत्रातली शेवटची ओळ

कासारवडवलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी लिहिलं आहे. चार पानी पत्र थोडक्यात असं: आठ महिन्यांपूर्वी ऐरोलीची भाड्याची जागा सोडून हे कुटुंब घोडबंदर रोडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलं. घरात बहात्तर वर्षांचे सासरे, मधुमेह असलेल्या सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा. नवऱ्याची नोकरी अजून ऐरोलीतच, तीही बहुतेक रात्रपाळीची. गेल्या महिन्यात रात्री अडीचला सासऱ्यांच्या छातीत दाटून आलं, दरदरून घाम फुटला. रिक्षा करून निघाल्या. पहिल्या 'हॉस्पिटल'चं शटर अर्धं खाली आणि आत एक मुलगा झोपलेला. दुसरीकडे ईसीजीचं मशीन होतं, पण तो काढणारा सकाळी नऊला येणार होता. तिसरीकडे दाखल करून घेतलं, तोवर सव्वा तास गेला होता. नशिबाने हृदयाचं काही निघालं नाही. त्या विचारतात, "नव्या जागी भरवशाचा डॉक्टर आणि रात्री उपयोगी पडेल असं हॉस्पिटल शोधायचं कसं? गूगलवर तर सगळ्यांनाच साडेचार स्टार दिसतात." आणि अगदी शेवटी, सहीच्या वर: "माझं म्हणाल तर तीन महिने झोप नाही. सकाळी जागच येऊ नये, असं कधी कधी वाटतं. ते असो."

प्रिय ताई,

"ते असो" म्हणून तुम्ही जिथे पत्र संपवलंत, तिथूनच मी सुरुवात करते. डॉक्टर आणि हॉस्पिटलचं पुढे लिहिते, सगळं लिहिते. पण सकाळी जागच येऊ नये असं वाटणं हे दुखणं आहे. ताप, पाठ, पाळीची कळ, सगळं अंगावर काढायची आपल्या घरांतल्या बायकांना इतकी सवय लागलेली असते, की हेही त्याच गाठोड्यात बांधून ठेवलं जातं. तुम्ही तीन महिने ते बांधून ठेवलंत. आता सोडा.

हे वाचताना तो विचार मनात असेल, किंवा तो आता पूर्वीपेक्षा जास्त वेळा आणि जास्त स्पष्ट येत असेल, तर वाचन इथेच थांबवा आणि १४४१६ हा नंबर फिरवा. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची 'टेली मानस' सेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. नवऱ्याला रात्रपाळीवरून बोलावून घ्या. आणि ज्या कॅज्युअल्टीत तुम्ही सासऱ्यांना नेलंत, तिथे स्वतःसाठीही जाता येतं. "मला जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय" हे तिथल्या डॉक्टरला छातीत दुखण्याइतकंच तातडीचं असतं, तसंच सांगा. घरातली सगळी औषधं, सासू-सासऱ्यांचीसुद्धा, काही आठवडे नवऱ्याने कुलुपात ठेवावीत आणि रोजची रोज काढून द्यावीत.

विचार तेवढा तीव्र नसेल, तरी या आठवड्यात डॉक्टरकडे जायचंच आहे. कोणाकडे, यातच लोकांचा गोंधळ होतो म्हणून नीट सांगते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारांत एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. तो तपासतो, निदान करतो, औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, तो बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. समुपदेशक म्हणजे काउन्सेलर ही पाटी मात्र आज कोणीही लावतो, चार शनिवारचा कोर्स केलेलासुद्धा. म्हणून शिक्षण विचारल्याशिवाय बसू नका. झोप तीन महिने उडालेली आहे आणि जगणं नकोसं वाटतंय, अशा वेळी पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञाची. बोलण्याच्या उपचारांची जोड पुढे मिळेलच.

ठाण्यात राहून यासाठी दूर जायला नको. वागळे इस्टेटकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. महाराष्ट्रात अशी चारच: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. "ह्याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य ऐकत आपण सगळे लहानाचे मोठे झालो, आणि त्या एका वाक्याने किती माणसांना त्या फाटकाबाहेर अडवून धरलं असेल, याचा विचार करून मला आजही राग येतो. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. केसपेपर काढायचा, तपासून घ्यायचं, औषधं घ्यायची आणि घरी यायचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यात हेही आलं.

माझ्या धाकट्या बहिणीला मी तिथे घेऊन गेले होते. फाटकापाशी तिने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. आत बाकड्यावर आमच्या शेजारी एक गृहस्थ ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन बसले होते, पलीकडे एक आई मुलीची वेणी घालत होती. नंबर लागल्यावर डॉक्टरबाईंनी बहिणीला पहिला प्रश्न विचारला: "झोप लागत नाही, की लागते आणि पहाटे मोडते?" तीन वाजता मोडते, म्हणाली. "मग उजाडेपर्यंत काय करता?" त्यावर ती रडायला लागली. दोन वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. सगळे "झोपेची गोळी घे" एवढंच म्हणत होतो. हा प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारून ठेवा आणि उत्तर कागदावर लिहून न्या. डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

मनोरुग्णालयात जायला पाय धजत नसतील तर कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, त्यामुळे तिथे मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग असतो. नौपाड्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था आहे. तिथे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकाच छताखाली भेटतात. नवऱ्याच्या ऑफिसकडून सोयीचं पडत असेल तर नेरुळचं डी. वाय. पाटील रुग्णालयही आहे.

औषध सुरू झालं तर दोन गोष्टी. उदासीच्या औषधाचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी थोडे जास्तही. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटायला लागलं म्हणून तर मुळीच आपल्या मनाने बंद करू नका. मेडिकलवाल्याकडून ओळखीवर झोपेच्या गोळ्या आणणं आजपासून बंद. त्यांची सवय लागते आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. शिवाय थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-बारा तपासून घ्या. थायरॉइड बिघडलं तरी झोप आणि मन दोन्ही बिघडतात, आणि ती साधी रक्ताची तपासणी आहे.

कोणाला कळेल, ही भीती असेलच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मेडिक्लेमच्या बाबतीतही मानसिक आजाराला इतर आजारांच्या बरोबरीने विमा द्यावा, असं त्याच कायद्यात आहे.

आता तुमच्या सासऱ्यांची ती रात्र.

तुमचं काही चुकलं नाही. बोर्डावर 'हॉस्पिटल' लिहिलेलं असलं की आत डॉक्टर असणार, असंच कोणीही धरून चालेल. पण दहा खाटांचं नर्सिंग होम आणि चोवीस तास कॅज्युअल्टी चालवणारं हॉस्पिटल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो रात्री अडीचला कळून उपयोग नाही. म्हणून एखाद्या रविवारी दुपारी, घरात सगळे ठीक असताना, दोघं बाहेर पडा. घरापासून अर्ध्या तासाच्या आत येणारी तीन हॉस्पिटलं बघून या. रिसेप्शनवर सरळ विचारा: रात्री कॅज्युअल्टीत डॉक्टर हजर असतो की फोन करून बोलावतात? ईसीजी रात्री निघतो का? सीटी स्कॅन इथेच आहे का? कॅथलॅब आहे का आणि ती रात्री चालू होते का? आयसीयू आहे का? आमच्या मेडिक्लेमचं कॅशलेस चालतं का? हे विचारताना लाजू नका. जिथे हे हसून सांगतात ते वेगळं आणि जिथे "पेशंट आणलाय का?" म्हणून उलट विचारतात ते वेगळं, तिथेच निम्मं कळतं. भिंतीकडेही बघा. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना २०२१ पासून बंधनकारक आहे.

कॅथलॅबचं का विचारायचं? हृदयविकाराचा झटका असेल तर बंद पडलेली रक्तवाहिनी जितक्या लवकर मोकळी होईल तितका हृदयाचा स्नायू वाचतो, आणि ती मोकळी करायचं काम, म्हणजे ॲन्जिओप्लास्टी, कॅथलॅबमध्येच होतं. सीटीचं यासाठी, की तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तो मेंदूचा झटका असतो. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी काढावाच लागतो. जिथे हे नाही तिथे नेलं की पुन्हा दुसरीकडे हलवायचं, पुन्हा ॲम्ब्युलन्स, पुन्हा रस्ता.

रस्त्याचं तर तुम्हाला मी काय सांगू! कासारवडवलीहून निघालं की वाघबीळ, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा. संध्याकाळी सातचा वेळ वेगळा आणि रात्री अवजड गाड्या सुटल्यावरचा वेगळा. नकाशात दोन किलोमीटरवर दिसणारं हॉस्पिटल रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला असेल तर यू-टर्न कुठे मिळतो, सर्व्हिस रोडने जाता येतं का, हे प्रत्यक्ष गाडी नेऊनच कळतं. एकदा संध्याकाळी आणि एकदा रात्री अकरानंतर ती फेरी मारा आणि घड्याळ लावून मिनिटं लिहून ठेवा. माझ्या मते तुमच्या भागात हॉस्पिटल निवडताना हे बाकी सगळ्याच्या वर.

आणि पुढच्या वेळी रिक्षा नको. १०८ लावा. २०१४ पासून ही सेवा राज्यभर आहे, मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. ॲम्ब्युलन्स तुमच्या गेटपर्यंत येईल, पण पाच टॉवरांच्या सोसायटीत नेमकी विंग शोधण्यात दहा मिनिटं जातात. फोन ठेवल्या ठेवल्या वॉचमनला इंटरकॉम करा: गेट उघड, लिफ्ट खाली धरून ठेव, शेजाऱ्यांतला एक जण गेटवर जाऊ दे. तुमच्या इमारतीत स्ट्रेचर जाईल अशी मोठी लिफ्ट कोणती, हे आजच बघून ठेवा. पेशंटला चालवू नका. माझ्या वडिलांना आम्ही तीन जिने चालवत खाली आणलं होतं, "बसतोय जरा" म्हणत ते दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकले आणि तिथून उठले नाहीत. खुर्चीत बसवून उचलून आणायला हवं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

कुठल्याही हॉस्पिटलला, सरकारी असो की खासगी, तातडीच्या रुग्णाला आधी प्राथमिक उपचार देणं टाळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. आधी डिपॉझिट भरा म्हणून दारात अडवलं तर तेवढं एक नाव लक्षात ठेवा. सासरे सत्तरीपुढचे आहेत, तेव्हा त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, मात्र योजनेत असलेल्या हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच. म्हणून रविवारच्या फेरीत "हे कार्ड चालतं का?" हेही विचारा.

राहिला फॅमिली डॉक्टर. तुम्ही लिहिलंत, "ऐरोलीच्या डॉक्टरांना आमच्या घरातल्या सगळ्यांचं सगळं माहीत होतं." ती ओळख म्हणजे दहा वर्षांची ठेव असते, घर बदलताना ती मागे राहून जाते. त्यांच्याकडे एकदा जा आणि सासू-सासऱ्यांची माहिती, चालू औषधं, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, जुन्या तपासण्या, हे एका कागदावर लिहून मागा. नव्या डॉक्टरच्या टेबलावर तो कागद ठेवा. तो नीट वाचतो की न बघता बाजूला सारतो, यावरून मी डॉक्टर निवडीन.

नवा डॉक्टर शोधायला स्टार नको. सकाळच्या वेळी मेडिकलच्या काउंटरवर पाच मिनिटं उभ्या राहा आणि विचारा, इथे म्हाताऱ्या माणसांसाठी लोक कोणाकडे जातात? मुलाच्या शाळेच्या गेटवर आयांना विचारा. सोसायटीच्या कामाला येणाऱ्या मावशींना जरूर विचारा; फी परवडत नसतानाही त्या ज्याच्याकडे परत परत जातात, त्याच्या हाताला गुण असतो. पाटीवरची पदवी वाचा. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, आपल्याकडे तिन्ही फॅमिली डॉक्टर म्हणून बसतात आणि त्यांतले कितीतरी मनापासून काम करतात, पण आपण कोणाकडे जातोय हे आपल्याला माहीत हवं. सासूबाईंच्या मधुमेहासाठी मात्र एमडी मेडिसिनवाला बघा. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं प्रोटीन आणि पायांची तपासणी, हे जो न विचारता सांगेल तो चांगला. त्यांच्या पायाचे तळवे रोज रात्री बघायचं काम नातवाला द्या. सहा वर्षांच्या मुलाला ते आवडतं, आजीलाही.

मुलासाठी बालरोगतज्ज्ञ चालत जाण्याच्या अंतरावरचा हवा. ताप साधा असला तर तो सकाळपर्यंत थांबू शकतो. पण श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, झटका आला, मूल पाणीही घेईना किंवा हाक मारली तरी झोपेतून नीट उठेना, तर थेट कॅज्युअल्टी. कुत्रा चावला तर आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस. ती सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत मिळते. पावसाळ्यात येऊरच्या पायथ्याकडच्या सोसायट्यांत साप निघतात. चावलाच तर खासगीत फिरत न बसता कळवा किंवा ठाण्याचं सिव्हिल.

बीपी, साखर मोजणं, लसीकरण, एवढ्यासाठी महापालिकेचं आरोग्य केंद्र पुरतं, तुमच्या भागातलं शोधून ठेवा. 'आपला दवाखाना' जवळ असेल तर तो चालू आहे का आणि कोणत्या वेळेला, हे आधी स्वतः बघून या. नवी मुंबईतून हे वाचणाऱ्यांना एवढंच: वाशीला सेक्टर १० मधलं महापालिका रुग्णालय, ऐरोलीचं राजमाता जिजाऊ, नेरुळचं मीनाताई ठाकरे, ही तिन्ही महापालिकेचीच. आपल्या घरापासूनची मिनिटं तुम्हीही मोजून ठेवा.

हे सगळं एका कागदावर उतरवा आणि फ्रिजच्या दाराला लावा. मोबाइलमध्ये नको, कारण रात्री मोबाइल नेमका तुमच्याच हातात असेल असं नाही. मोठ्या अक्षरात १०८, खाली १४४१६, ठरवलेल्या दोन हॉस्पिटलांची नावं आणि मिनिटं, फॅमिली डॉक्टरचा नंबर, सासऱ्यांची आणि सासूबाईंची चालू औषधं. सासूबाईंना तो एकदा वाचून दाखवा. त्या रात्री तुम्ही एकट्या होता असं तुम्ही लिहिलंत, पण त्याही घरातच होत्या. काय करायचं हे सांगितलेलं असतं तर त्यांनीही एक फोन लावला असता.

हे पत्र नवऱ्याच्या हातात द्या. पहिला परिच्छेदही वाचू दे, शेवटच्या ओळीसकट. त्या ओळीबद्दल तुम्ही त्यांना काही बोलला नसाल, असं मला वाटतं. रात्रपाळीनंतर एक सकाळ त्यांनी झोप बाजूला ठेवावी, मुलाला शाळेत सोडावं, सासूबाईंपाशी शेजारच्या कोणाला तरी बसवावं आणि तुमच्याबरोबर डॉक्टरकडे यावं. केसपेपरच्या रांगेत त्यांनी उभं राहावं. तुम्ही बाकड्यावर बसा.

आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. छापण्यासाठी नको, माझ्यासाठी.